घरचं वायफाय: तीन ‘पाच’ आणि दोन नावं

मागच्या अंकात घरच्या इंटरनेटविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच: घरात राउटर एक, मग फोनमध्ये नावं दोन का, आणि जोडायचं कुठल्याला? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. राउटरचे पत्ते आणि पासवर्ड इथे देवनागरीत छापले असले तरी यंत्रात आकडे इंग्रजीतच भरायचे, हे लक्षात असू द्या.

प्रश्न: नवं फायबर कनेक्शन घेतलं. मोबाइलमध्ये आमच्याच घरची दोन नावं दिसतात, एक साधं आणि एकाच्या शेवटी ‘५जी’. लावायला आलेला मुलगा म्हणाला, ‘५जीलाच लावा, फास्ट चालतं.’ पण माझा फोन ४जीचा आहे. शिवाय निजायच्या खोलीत गेलं की ते तुटतं. काय करू?
(तिलकनगर, इंदूर)

उत्तर: फोन ४जीचा असला तरी काही अडत नाही. इथे तीन वेगवेगळ्या ‘पाच’ची सरमिसळ होते. मोबाइल कंपनीचं ५जी म्हणजे मोबाइल सेवेची पाचवी पिढी. तिचा तुमच्या राउटरशी संबंध नाही. राउटरच्या नावातला पाच म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, ही लहरींची पट्टी झाली. आणि खोक्यावर ‘वायफाय ५’ छापलेलं असेल तर ते २०१३ साली आलेल्या तंत्राचं नाव. हा क्रमांक त्याला नंतर, २०१८ मध्ये मिळाला. फोनच्या यादीत ‘५जी’वालं नाव दिसतंय, याचाच अर्थ तुमच्या फोनला ५ गिगाहर्ट्झ कळतं. ज्या फोनला कळत नाही, त्याला ते नाव दिसतच नाही.

आता तुटण्याबद्दल. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ ची जेमतेम साडेपाच-सहा. ५ च्या पट्टीत जागा भरपूर, म्हणून वेग जास्त. पण मोकळ्या जागेतसुद्धा त्याच अंतरावर तिची ताकद २.४ च्या पाचव्या हिश्शाएवढीच पोचते, आणि वाटेत विटेची भिंत आली की तिथे ती जास्त खाल्ली जाते. दिवाणखान्यात टीव्हीला ५ लावा, मजेत चालेल. दोन भिंतींपलीकडच्या खोलीत २.४ चं कमी वेगाचं पण न तुटणारं कनेक्शन बरं. व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप) पुरतात, शंभर लागत नाहीत.

दोन नावं एक करावीत का, असंही काहींनी विचारलंय. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ चालू केलं की दोन्ही पट्ट्यांना एकच नाव मिळतं. मात्र कुठल्या पट्टीवर जायचं, हे शेवटी फोन ठरवतो. राउटर फार तर ढकलतो. पुष्कळ फोन एकदा धरलेली पट्टी सिग्नल मरेपर्यंत सोडत नाहीत. दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही एकच नाव ठेवायला सांगू. घर लांबलचक आणि राउटर एकाच टोकाला असेल तर नावं वेगळी ठेवा, आणि ज्यांना फोनच्या सेटिंगमध्ये शिरायचा कंटाळा आहे त्यांच्या फोनमध्ये फक्त २.४ चं नाव जतन करा. आजींना ‘आता नाव बदल’ म्हणून सांगत बसायची वेळच येऊ नये.

प्रश्न: आमचा जुना वाडा आहे. भिंती दीड-दोन फुटी, मागे चौक, त्याच्या पलीकडे स्वयंपाकघर आणि वर माडी. राउटर पुढच्या खोलीत. मागे नेट येत नाही म्हणून रिपीटर आणून स्वयंपाकघरात लावला. आता काड्या पूर्ण दिसतात, पण चालत काहीच नाही. वर तिसरंच नाव दिसायला लागलंय.
(रामबाग, इंदूर)

उत्तर: रिपीटर चुकीच्या जागी बसलाय. नळाला पाणी पोचत नाही तिथे मोटर बसवली तर मोटर ओढणार काय? रिपीटर स्वतः जे ऐकतो तेच पुढे बोलतो. स्वयंपाकघरात त्यालाच नीट ऐकू येत नाही. तुम्हाला दिसणाऱ्या पूर्ण काड्या तुमचा फोन आणि रिपीटर यांच्यातल्या आहेत. रिपीटर आणि राउटर यांच्यातल्या नाहीत. तिसरं नाव त्याचंच. मूळ नावाला शेपूट जोडून तो आपली पाटी लावतो.

आधी मोजा. अँड्रॉइड फोनवर ‘वायफाय अॅनालायझर’ प्रकारचं कुठलंही मोफत अॅप घ्या. ते सिग्नलची ताकद उणे डीबीएम या मापात दाखवतं; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ ला रडतखडत, उणे ८० च्या खाली नाव दिसतं पण उपयोग शून्य. दर तीन डीबीला ताकद निम्मी होते, म्हणून उणे ६५ आणि उणे ७५ मधला फरक दहाचा दिसत असला तरी ताकदीत दहापट असतो. फोन हातात घेऊन पुढून मागे चाला आणि प्रत्येक दारात थांबून आकडा लिहा. जाड भिंतीला खेटून उभं राहिलं तर एक आकडा, दारात उभं राहिलं तर वेगळाच. वाड्यात लहरी भिंतीतून कमी आणि दारं-खिडक्यांतून जास्त जातात.

रिपीटर ठेवायचाच असेल तर जिथे उणे ६० ते उणे ६५ मिळतं तिथे, म्हणजे बहुधा चौकाच्या अलीकडच्या दारापाशी. त्याचं नाव आणि पासवर्ड मूळच्यासारखेच करा. तरीही एकाच पट्टीवर ऐकणं आणि बोलणं दोन्ही करावं लागत असल्याने वेग साधारण निम्मा होतो, आणि भिंतीला तर तो काहीच करू शकत नाही.

दीड-दोन फुटी भिंतीवर खरा इलाज वायरीचा. ‘मेश’चे (घरभर ठेवून एकच नेटवर्क करणारे) महागडे डबेसुद्धा वायरीवाचून जोडले तर त्याच भिंतीशी झुंजतात. पुढच्या राउटरपासून मागच्या बाजूला एक कॅट-६ केबल ओढा आणि तिथे दुसरा राउटर लावा. कपाटात पडलेला जुनाही चालतो. केबल १०० मीटरपर्यंत चालते, तेव्हा वाड्यात अंतराची काळजी नाही. घेताना शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती वाकवताना तुटते. चौकातून उघड्यावर जाणार असेल तर उन्हात टिकणारं बाहेरचं काळं वेष्टन हवं. विजेच्या तारांच्या पाइपमधून ती नेऊ नका.

दुसऱ्या राउटरमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ (फक्त वायफाय पसरवायचं, पत्ते वाटायचे नाहीत) असेल तर तो निवडला की काम झालं. नसेल तर हाताने करायचं, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. जुना राउटर मुख्य डब्याला न जोडता लॅपटॉपला केबलने जोडा आणि त्याचं पान उघडा. प्रथम वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार हुबेहूब मुख्य राउटरसारखे करा. मग चॅनल (पट्टीचा क्रमांक दिलेला भाग) बदला: मुख्य २.४ वर १ असेल तर इथे ६ किंवा ११; मुख्य ५ वर ३६ असेल तर इथे १४९. त्यानंतर डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे फोन-लॅपटॉपना पत्ते वाटणारी सोय, बंद करा. सगळ्यात शेवटी राउटरचा स्वतःचा आयपी पत्ता बदला. मुख्य डबा १९२.१६८.१.१ वर असून २ ते २०० पत्ते वाटत असेल, तर याला १९२.१६८.१.२५० द्या. पत्ता जतन केला की पान जागच्या जागी अडकतं. घाबरू नका, राउटर आता नव्या पत्त्यावर गेलाय. आता मुख्य डब्याच्या लॅन (घरातल्या यंत्रांसाठीच्या) पोर्टमधून आलेली केबल याच्याही लॅन पोर्टमध्येच घाला. ‘वॅन’ (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीचं) लिहिलेलं, सहसा वेगळ्या रंगाचं भोक रिकामं ठेवायचं.

चुका बहुधा दोनच होतात. डीएचसीपी चालू राहिलं तर घरात पत्ते वाटणारे दोन होतात. मग काही फोन नीट चालतात आणि काही ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ दाखवतात. तेही रोज वेगळे, म्हणून दोष पटकन सापडत नाही. दुसरी चूक केबल वॅनमध्ये घालण्याची. नेट चालतं, पण घरात दोन वेगळी नेटवर्क होतात आणि माडीवरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर दिसत नाही.

प्रश्न: नर्मदेचं पाणी येतं त्या वेळी मोटर फोनवरून चालू करता यावी म्हणून वायफायचा स्मार्ट प्लग घेतला. अॅपमध्ये ‘डिव्हाइस नॉट फाउंड’ येतं. दारावरच्या कॅमेऱ्याचंही तेच. दुकानदार म्हणतो, माल चांगला आहे.
(सुदामानगर, इंदूर)

उत्तर: दुकानदार खरं बोलत असणार. असे प्लग, बल्ब, घंटीचे कॅमेरे यांत बहुतेक वेळा फक्त २.४ ची चिप असते. जोडणी करताना फोन जर ५ वर असेल तर बरीच अॅप तिथेच अडकतात. दोन नावं असतील तर फोन २.४ वाल्यावर आणा आणि पुन्हा करून पाहा. एकच नाव असेल तर राउटरच्या पानावर जाऊन ५ ची पट्टी दहा मिनिटं बंद करा, प्लग जोडा आणि मग चालू करा. त्यानंतर प्लग आपल्या पट्टीवर, फोन आपल्या पट्टीवर. राउटर एकच असल्याने त्यांचं एकमेकांशी जमतं. राउटरचं पान उघडता येत नसेल तर फोन आणि प्लग घेऊन ५ चा सिग्नल मरतो अशा लांबच्या खोलीत जा. पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

तरीही नाही झालं तर तीन गोष्टी बघा. वायफायच्या सुरक्षेचा प्रकार ‘फक्त डब्ल्यूपीए३’ असेल तर ‘डब्ल्यूपीए२’ किंवा मिश्र करा; जुन्या चिपांना तिसरं कळत नाही. पासवर्डमध्ये मोकळी जागा किंवा विचित्र चिन्हं असतील तर काढा. आणि अॅपला फोनचं लोकेशन वापरायची परवानगी द्या. अँड्रॉइडमध्ये ती नसेल तर अॅपला आसपासची वायफाय दिसत नाहीत.

अशा वस्तूंसाठी २.४ चं वेगळं गेस्ट (पाहुण्यांचं) नेटवर्क करणं चांगलं. फक्त त्यात ‘आयसोलेशन’ (यंत्रांना एकमेकांपासून तोडून ठेवणं) चालू असेल तर फोन आणि प्लग घरातल्या घरात बोलू शकत नाहीत, सगळं बाहेरच्या सर्व्हरवरून जातं, आणि नेट गेलं की प्लग फोनचं ऐकत नाही.

न विचारलेली एक गोष्ट. प्लग किती अँपिअरचा आहे ते वाचा. एक अश्वशक्तीची मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट खेचते. दहा अँपिअरच्या प्लगमधला रिले, म्हणजे आतला स्विच, त्याने चिकटू शकतो, आणि मग फोनवर ‘बंद’ दिसत असताना मोटर चालूच राहते. मोटरसाठी वायफाय प्लगने फक्त काँटॅक्टर (जड भार पेलणारा विजेवर चालणारा स्विच) चालवावा आणि मोटरचा भार काँटॅक्टरवर टाकावा. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

प्रश्न: मुलगी अमेरिकेहून लॅपटॉप घेऊन आली. आमच्या सगळ्यांच्या फोनला घरचं २.४ चं नाव दिसतं, तिच्या लॅपटॉपला दिसतच नाही. कधी कधी आपोआप दिसायला लागतं. लॅपटॉप बिघडलाय का?
(वैशालीनगर, इंदूर)

उत्तर: नाही. आपल्याकडे २.४ च्या पट्टीत १ ते १३ चॅनल वापरतात, अमेरिकेत १ ते ११. तिकडे विकलेली काही यंत्रं १२ आणि १३ कडे बघतच नाहीत. तुमचा राउटर ‘ऑटो’वर आहे. तो १३ वर गेला की नाव गायब, परत ६ वर आला की हजर. चॅनल हाताने १, ६ किंवा ११ वर ठेवा.

हे तीनच का, तेही सांगतो. चॅनल एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर आहेत, पण प्रत्येकाची रुंदी २० मेगाहर्ट्झ. म्हणजे शेजारचे चॅनल एकमेकांवर चढलेले असतात. १, ६ आणि ११ तेवढे सुटे राहतात. कुणी हुशारी करून ‘३ रिकामा आहे’ म्हणून ३ निवडतो आणि १ व ६ दोघांचाही विचका करतो. जेल रोडवर दोन रांगांच्या मधोमध स्कूटर लावल्यासारखं ते आहे. एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्यांना समोरच्याचं बोलणं नुसता गोंगाट वाटतो. याच कारणाने वस्तीच्या भागात २.४ ची रुंदी ४० करू नये, २० च ठेवावी. ४० केली की जवळजवळ अर्धी पट्टी एकटा राउटर अडवतो.

मायक्रोवेव्हही याच पट्टीत, २.४५ च्या आसपास काम करतो. पोहे गरम करताना कॉल अडखळत असेल तर तो योगायोग नाही. राउटरच्या मागे यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावली असेल तर तीही २.४ मध्ये गोंगाट करते. लांब वायरने दूर ठेवा.

प्रश्न: वायफायला ‘कुलकर्णी वाडा’ असं मराठीत नाव द्यायचं होतं. राउटर घेत नाही. ‘जोशी वाडा’ मात्र शेजाऱ्यांनी दिलंय! आणि नाव लपवून ठेवलं तर सुरक्षित राहतं का?
(लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर: राउटरला जोशींचा पुळका नाही. नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे धरायचे. ‘कुलकर्णी’त क, उकार, ल, क, र, हलन्त, ण, वेलांटी अशी आठ चिन्हं, म्हणजे २४ बाइट. मधली मोकळी जागा १, ‘वाडा’चे १२. एकूण ३७. ‘जोशी वाडा’ २५ मध्ये बसतं. ‘कुलकर्णी घर’ ३१ बाइटचं होतं, ते घालून बघा. मात्र काही जुन्या यंत्रांवर देवनागरी नावाच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात, आणि स्मार्ट वस्तूंची काही अॅप असं नाव नाकारतात. हौसेला एक मराठी नाव पाहुण्यांच्या नेटवर्कला द्यावं, घरचं इंग्रजी अक्षरांत ठेवावं. त्यात लहान-मोठी अक्षरं वेगळी मानली जातात. शेवटी चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा नावाचाच भाग होते, आणि मग ‘नाव तेच आहे पण जोडत नाही’ असा घोळ सुरू होतो.

लपवल्याने सुरक्षा वाढत नाही. राउटर नाव जाहीर करायचं थांबतो, पण तुमचे फोन ते शोधत फिरतात, आणि ऐकणाऱ्याला ते तिथून मिळतं. संरक्षण करतो तो पासवर्ड. तो ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. आठाऐवजी पंधरा-सोळा ठेवा. नावात आडनाव चालेल, फ्लॅट नंबर नको. डब्याखालच्या चिकटपट्टीवरचं मूळ नाव बदलाच. एका इमारतीत त्याच कंपनीचे पाच डबे असले की पाहुणे शेजाऱ्याच्या नावावर तुमचा पासवर्ड घालत बसतात.

राउटर बदलाल तेव्हा मात्र उलट करा. नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड अक्षरशः तसाच द्या. टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, प्लग सगळे न सांगता परत येतात.

प्रश्न: लाइट जाऊन आली की २.४ चं नाव लगेच दिसतं, ५ चं मिनिट-दीड मिनिटाने. दोष आहे का?
(राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर: दोष नाही. ५ च्या पट्टीतले ५२ ते १४४ हे चॅनल रडारही वापरतात. बरेच राउटर त्यांवर जाण्याआधी मिनिटभर नुसतं ऐकतात. थांबायचं नसेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला चॅनल निवडा.

प्रश्न: प्लॅन ३०० एमबीपीएसचा. राउटरच्या खोक्यावर १२०० लिहिलंय. राउटरशेजारी बसून ५ गिगाहर्ट्झवर मोजलं तरी ९४ च्या वर जात नाही. कंपनी म्हणते, आमच्याकडून पूर्ण येतंय.
(विजयनगर, इंदूर)

उत्तर: ९४ हा आकडाच दोष सांगतो. कुठेतरी १०० चं पोर्ट किंवा १०० वर उतरलेली केबल आहे. १०० च्या जोडणीतून प्रत्यक्षात ९४-९५ च मिळतात. खोक्यावरचे १२०० म्हणजे २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची बेरीज करून गोल केलेला आकडा. एक फोन दोन्ही एकदम वापरत नाही, आणि ८६७ पैकीही हाती निम्म्याच्या आसपास लागतात. तरी ३०० निघायला हरकत नव्हती. पण असे १२०० लिहिलेले काही राउटर मागे १०० चीच पोर्टं देतात.

फायबरच्या डब्यातून राउटरकडे आलेली केबल आधी बदलून बघा. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. आतली एखादी तार तुटली की जोडणी गुपचूप १०० वर येते आणि दिवे हिरवेच राहतात. केबल बदलूनही ९४ हलले नाहीत तर राउटर उलटा करून पोर्टांबद्दल काय छापलंय ते वाचा. ‘१०/१००’ (म्हणजे जास्तीत जास्त १००) असेल तर वायफायची कुठलीही सेटिंग बदलून उपयोग नाही. फायबरच्या डब्याला स्वतःचं ५ गिगाहर्ट्झ वायफाय असेल तर फोन सरळ त्याला जोडून मोजा. तिथे ३०० आले, तर कंपनी खरं बोलतेय आणि बदलायचा तो तुमचा राउटर.